उभी राहिलेली जुनी गाडी: पेट्रोल अडकतंय की करंट तुटतोय?

दोन-चार वर्षं झाकून ठेवलेली कार्ब्युरेटरची (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाची) गाडी नवी बॅटरी लावली की सुरू होते, १०-१५ मिनिटं नीट चालते आणि बंद पडते. थोडं थांबून सेल्फ मारला की पुन्हा चालू. एवढ्यावरून कार्ब्युरेटर खोलायला घेऊ नका. पेट्रोल अडकलं काय किंवा प्लगच्या ठिणगीचा करंट तुटला काय, तक्रार हीच असते.

फरक कळतो तो बंद पडण्याच्या ढंगावरून. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी आचके देते, चढावर जोर सोडते आणि फ्लोट चेंबरमधलं (कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाटीतलं) उरलंसुरलं संपेपर्यंत रडतखडत ओढते. चोक ओढल्यावर क्षणभर सावरली, तर पेट्रोलकडेच बघा. करंट तुटला की मात्र कुणी चावी फिरवावी तशी एकदम शांत.

थांबल्यावर सुरू का होते? टाकीतला गंज आणि शिळ्या पेट्रोलचा चिकट साका पंपाच्या ओढीने टाकीतल्या जाळीला जाऊन बसतो. इंजिन थांबलं की ओढ संपते, साका खाली उतरतो, वाट मोकळी होते. कॉइलचं (प्लगसाठी जास्त व्होल्टेज बनवणाऱ्या भागाचं) दुखणं निराळं. तापली की आतलं इन्सुलेशन दगा देतं, निवली की पुन्हा काम करते. कंडेन्सरही (पॉइंट, म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा स्विच, जळू नये म्हणून लावलेला भाग) बरेचदा गरम झाल्यावरच हात टेकतो.

म्हणून तपासणी बंद पडल्यापडल्याच करायची, गाडी निवल्यावर नाही. चावी बंद ठेवून एअर फिल्टर उघडा, कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल (रेसची झडप) हाताने ओढा. एक्सलरेटर पंपाची बारीक, जोरकस धार उडाली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे. धार नसेल तर टाकीचं झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय; नवा फिल्टर घालून ते दुखणं जाणार नाही. धार असेल तर एअर फिल्टर परत बसवा, पेट्रोलचा वास जाऊ द्या आणि मगच स्पार्क टेस्टर लावून सेल्फ मारा; ठिणगी दिसली नाही तर दोष करंटचा.

पेट्रोलचा दोष निघाला तर टाकी उतरवून धुवा, फिल्टर बदला आणि तडकलेले रबरी पाइपही काढा. टाकी ते पंप या भागातला पाइप गळत नसला तरी हवा ओढतो, हे बऱ्याचदा नजरेतून सुटतं. करंटचा दोष असेल तर पॉइंट साफ करून गॅप गाडीच्या पुस्तकाप्रमाणे लावा (बहुतेक ठिकाणी ०.४ ते ०.५ मिमी). साफ केलेले पॉइंट लगेच पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदला. कॉइलच्या प्रायमरीचा (कमी व्होल्टेजच्या गुंडाळीचा) रोध मोजायचा तो कॉइल गरम असतानाच. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला जाणारा करंट कमी करणारा रोध) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलला साधारण ३ ओहम येतात.

गाडी फक्त आयडलला बंद पडत असेल आणि रेस दिल्यावर ठीक चालत असेल, तर आधी स्लो जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग) बघा. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.