कुजचाचणीचा अहवाल वाचताना: बुरशी जोमात होती का?

लाकडाला दिलेले औषध कुज अडवते का, हे पाहण्यासाठी ईएन ११३ या युरोपीय मानक पद्धतीत ठोकळे १६ आठवडे जिवंत बुरशीवर ठेवतात. अहवाल आला की आधी बिनऔषधी ठोकळ्यांची ओळ वाचा. असा ठोकळा ११.२० ग्रॅमवरून ८.४० वर आला, तर २५ टक्के वजन गेले आणि बुरशी जोमात होती. तोच जेमतेम ५ टक्के घटला असेल, तर औषधी ठोकळ्याची १ टक्का घट पाहून खूश होऊ नका. तिथे औषध जिंकलेले नाही, बुरशीच मंद होती.

मंद का पडते? पहिला संशय तापमानावर. या पद्धतीत २२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता ठेवतात. लाकूड कुजवणाऱ्या दोन बुरश्या पाहा: सर्प्युला लॅक्रिमन्सला २० अंशांच्या आसपास बरे वाटते, ग्लिओफायलम ट्रॅबियम ३५ अंशांनाही जोरात वाढते. कोकणातल्या मे महिन्यात उघड्या खोलीत पहिली मरेल. त्यामुळे थंड करणारा इनक्युबेटर (तापमान कायम राखणारे कपाट) हवाच.

दुसरे कारण पाणी. लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांखाली असेल तर कुज चालत नाही. फार वाढला तर पेशींत हवा उरत नाही आणि बुरशी गुदमरते. म्हणून ठोकळा थेट माध्यमावर, म्हणजे बुरशी जिच्यावर वाढते त्या जेलीवर, न ठेवता काचेच्या कांड्यांवर ठेवतात. माध्यम असे: १ लिटर पाण्यात ४० ग्रॅम माल्ट अर्क, माध्यम घट्ट करणारा २० ग्रॅम अगार, आणि १२१ अंशांवर २० मिनिटे निर्जंतुक करणे. माल्ट आम्लधर्मी असल्याने जास्त वेळ तापवले की अगार तुटतो, माध्यम पातळ राहते आणि कांड्यांसकट ठोकळा बुडतो.

सहज न दिसणारे कारण म्हणजे वाण थकणे. माल्टवर पुन्हापुन्हा उतरवलेली (जुन्या बशीतून नव्या बशीत लावलेली) बुरशी पांढरीशुभ्र, भरघोस दिसते, पण लाकूड खाण्याची ताकद गमावू शकते. म्हणून मूळ वाण ४ अंशांवर जपावे, किती वेळा उतरवले याची नोंद ठेवावी आणि अधूनमधून ते लाकडावर वाढवावे. बशीतली वाढ हा पुरावा नाही; वजनातली घट हाच पुरावा.

नमुने ५० × २५ × १५ मिमीचे, बिनगाठीचे, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचे पाठवा. सागाचा गाभा नको, तो मुळातच टिकतो. बिनऔषधी ठोकळे त्याच फळीतले द्या. औषध द्रावकातले असेल तर ४ आठवडे हवेशीर जागी सुकवा; उरलेला द्रावकच बुरशी मारतो आणि श्रेय औषधाला जाते.