विन्यास (योग)

विन्यास : एका आसनातून दुसऱ्या आसनात श्वासाच्या लयीवर, मध्ये न अडखळता जाण्याची योगाभ्यासातील पद्धत. ‘न्यास’ म्हणजे ठेवणे आणि विन्यास म्हणजे विशिष्ट क्रमाने मांडणे. केशविन्यास, शब्दविन्यास यांतला हाच शब्द. इथे मांडणी असते ती श्वासाची आणि त्याला जोडलेल्या हालचालीची.

पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ एवढीच केली. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिका या हठयोगावरील ग्रंथात १५ आसने आली आहेत, पण ती सुटी सुटी. आजचा विन्यास आकाराला आला तो विसाव्या शतकात, म्हैसूरमध्ये. तिरुमलई कृष्णम्माचार्य (१८८८–१९८९) यांनी १९३० च्या दशकात म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने जगनमोहन राजवाड्यातील योगशाळेत तो शिकवला. त्यांचे शिष्य पट्टाभि जोईस (१९१५–२००९) यांनी तो ‘अष्टांग विन्यास’ म्हणून पुढे नेला आणि जगभरचे साधक म्हैसूरला येऊ लागले.

नियम साधा आहे. छाती उघडताना, वर उठताना श्वास आत. पुढे वाकताना, पीळ देताना श्वास बाहेर. हालचालींना संस्कृत अंक असतात : एकम्, द्वे, त्रीणि... जोईस यांच्या पद्धतीत पहिल्या प्रकारच्या सूर्यनमस्कारात असे ९ विन्यास येतात. खरी परीक्षा ‘चत्वारि’ला. ओणवे असताना तळवे जमिनीवर पसरतात, भार खांद्यांवर येतो, श्वास सोडत दोन्ही पाय एकदम मागे जातात आणि शरीर जमिनीपासून चार बोटे वर फळीसारखे तोलून राहते. हे चतुरंग दंडासन. ‘पञ्च’ला श्वास घेत छाती वर, ‘षट्’ला सोडत कंबर वर, आणि तिथे पाच श्वास मुक्काम. जोर काढणाऱ्या तालमीतल्या माणसाला ही चाल परकी वाटत नाही.

महाराष्ट्रात घरोघरी घातल्या जाणाऱ्या सूर्यनमस्काराशी तुलना केली की फरक कळतो. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा हिरिरीने प्रसार केला, त्या नमस्कारात कपाळ, छाती, गुडघे जमिनीला टेकतात. साष्टांग म्हणतात ते यामुळेच. म्हैसूरच्या पद्धतीत तळवे आणि चवडे सोडून काहीच टेकत नाही, म्हणून मनगटांवर ताण जास्त. कृष्णम्माचार्यांचेच शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला आले आणि त्यांनी वेगळा भर दिला : आसनात टिकून राहणे आणि सांध्यासांध्याची नेमकी ठेवण.

विन्यास म्हणजे भराभर आसने बदलणे, हा समज चुकीचा आहे आणि तो अपायही करतो. घाईत कोपरे बाहेर फाकतात, खांदे कोपरांच्या खाली घसरतात आणि तिथूनच दुखणे सुरू होते. वेग ठरवायचा तो श्वासाने. नाकातून चाललेला, घशाशी हलकी घरघर करणारा उज्जायी श्वास तुटला, तोंड उघडावे लागले, तर पाय कितीही सफाईने मागे गेले तरी तो विन्यास नव्हे. अशा वेळी उडी सोडून एकेक पाय मागे न्यावा आणि गुडघे टेकून खाली यावे. श्वास पुन्हा लांब झाला की मगच पुढचा अंक.