बिननाल घोड्यांची खूरनिगा

नाल न ठोकलेल्या घोड्याचे खूर वेळेवर छाटणे, साफ ठेवणे आणि तळवा निरोगी राखणे म्हणजे खूरनिगा. मराठवाड्यात मेंढपाळांची ओझ्याची तट्टे बहुधा बिननालच हिंडतात. मुरमाड माळावर खूर आपसूक झिजतो आणि कणखर होतो. रोज डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या घोड्याची गोष्ट वेगळी. त्याचा खूर वाढीपेक्षा जास्त झिजला, तर नाल लागतेच.

तळव्यात टाचेकडून पुढे निमुळता होत जाणारा रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, त्याला पशुवैद्यक ‘फ्रॉग’ म्हणतात. तो हादरा शोषतो, पकड देतो. निरोगी फ्रॉग रुंद असतो, त्याच्या मधली खाच उथळ असते आणि तो जमिनीला टेकतो. टाचा वाढू दिल्या की तो अधांतरी राहून आक्रसतो, मधल्या खाचेची खोल फट होते. तळवा गुळगुळीत दिसावा म्हणून नालबंद चांगला फ्रॉगही कोरून काढतो, ही सवय वाईट. फक्त सुटलेले, लोंबते पापुद्रे काढावेत.

घात दगडापेक्षा ओलीने जास्त होतो. पावसाळ्यात काळी चिकण माती खाचांत घट्ट बसते. तबेल्यात लीद-मुताची ओल सतत राहिली की खूर मऊ पडतो आणि हवेविना वाढणारे जंतू फ्रॉग कुजवतात. काळा स्राव आणि उग्र दुर्गंधी ही या रोगाची खूण. लंगडणे नंतर सुरू होते. खूर रोज आकड्याने साफ करावेत, घोडा कोरड्या मुरमावर बांधावा, धुऊन सुकवलेल्या खाचेत पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावावे. जळके ऑइल थापू नये. त्याने आत हवा पोहोचत नाही आणि जंतूंचे फावते. रक्त आले किंवा घोडा पाय टेकेना, तर पशुवैद्यकाला बोलवावे. धनुर्वाताची लस आधीच दिलेली असावी, कारण घोड्याला तो रोग चटकन होतो.

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक रंग, दात, भोवरे बारकाईने पाहते. चारही पाय उचलून तळवा हुंगणारे विरळाच. खरेदीत ही तपासणी आधी व्हायला हवी.

छाटणी साधारण ६ ते ८ आठवड्यांनी करतात. खुराची भिंत, म्हणजे बाहेरचे कठीण कवच, महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढते आणि पुढच्या टोकाला पूर्ण नवी यायला ९ ते १२ महिने लागतात. त्यामुळे आक्रसलेली टाच एका छाटणीत पसरत नाही.