काचेआडचं ऊन आणि मऊ पाठीचं कासव

गेल्या मे महिन्यात खालच्या मजल्यावरच्या ताई आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात कासव घेऊन आल्या. "पाषाण तलावात सोडलं तर चालेल ना हो? पुण्यच लागेल." दोन वर्षांपूर्वी मुलाच्या वाढदिवसाला आणलं तेव्हा ते दहा रुपयांच्या नाण्याहून जरासं मोठं होतं. हे एवढंच राहतं, असं दुकानदाराने सांगितलं होतं. आता ते तळहातात मावत नव्हतं. मी त्याला उचलून पोटाकडच्या कवचावर अंगठा हलकेच दाबला, तर ते ओल्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं. पाठीच्या कडा वर वळल्या होत्या. "ऊन मिळतं का याला?" असं विचारल्यावर ताई म्हणाल्या, "टाकी खिडकीतच आहे. सकाळी दोन तास मस्त ऊन येतं काचेतून."

त्या काचेमुळेच हा लेख लिहितो आहे.

कासव आपल्याकडचं नव्हतं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेली ही जात, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. मादी ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर तीस वर्षंही जगते. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून अशी पाच कोटींहून जास्त कासवं जगभर गेली. खुद्द अमेरिकेत मात्र चार इंचांपेक्षा लहान कासव विकायला १९७५ पासून बंदी आहे, कारण त्यांना हाताळणाऱ्या लहान मुलांना साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होत होता.

आता पाठीकडे वळू. कासवाची पाठ ही शंखासारखी अंगावर चढवलेली वस्तू असते, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती त्याच्या बरगड्या आणि कणा रुंदावून, एकमेकांना सांधून झालेली असते. वर नखाच्या जातीचं पातळ आवरण, आत जिवंत हाड. म्हणून कवच मऊ झालं याचा अर्थ सांगाडा मऊ झाला. हाडाला कॅल्शियम लागतं, आणि आतड्यातून कॅल्शियम रक्तात यायला 'ड' जीवनसत्त्व लागतं. इथवर शाळेत शिकलेलंच आहे. पुढची गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

कातडीत ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा रेणू असतो. त्यात चार वलयं असतात. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांचा 'बी' पट्टा, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरी, त्यावर पडला की दुसरं वलय एका ठिकाणी तुटून उघडतं. तयार होतो तो प्री-व्हिटॅमिन डी३. हे अजून जीवनसत्त्व नाही. आता प्रकाशाचं काम संपलं, पुढचं काम उष्णतेचं. रेणूतला एक हायड्रोजन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकला पाहिजे, तरच तो डी३ होतो.

अडचण अशी की वलय उघडल्यावर रेणू सैल होतो आणि दोन आकारांत वळू शकतो. एक ताणलेला, दुसरा मुडपलेला. हायड्रोजन सरकतो तो फक्त मुडपलेल्या आकारात, कारण तेव्हाच दोन्ही टोकं जवळ येतात. मोकळं सोडलं तर रेणूचा कल ताणलेल्या आकाराकडे. आपलं शरीर कायम ३७ अंशांवर असतं, त्यामुळे आपलं भागून जातं. पण ज्याचं अंग सभोवतालच्या हवेइतकंच गार, त्या सरपटणाऱ्या प्राण्याचं काय? १९९५ साली ग्रीन इग्वाना या मोठ्या सरड्याच्या कातडीवर याची तपासणी झाली. २५ अंशांना हेक्झेन या द्रावकात निम्म्या प्री-व्हिटॅमिनचं रूपांतर व्हायला ७२ तास लागले, आणि कातडीत ८ तास. कातडीतल्या पेशींच्या पडद्यातले स्निग्ध रेणू या सैल रेणूला दोन्ही बाजूंनी धरून मुडपलेल्याच आकारात ठेवतात. साच्यात धरल्यासारखं. थंड रक्ताच्या प्राण्यांना जमिनीवर हाडं घट्ट ठेवून जगता आलं त्यात या पडद्याचा मोठा वाटा असला पाहिजे.

तयार झालेलं डी३ पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात जातं. दोन्हीकडे त्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची एकेक जोडी चिकटते आणि मगच ते कामाला लागतं. दगडावर पाय ताणून पडलेलं कासव पाहिलंत तर ध्यानात ठेवा, ते एकाच वेळी दोन कामं करतंय: किरणांनी वलय उघडतंय आणि उबेने रूपांतर पुढे नेतंय. २००६ मध्ये याच जातीच्या कासवांवर अभ्यास झाला. अतिनील दिव्याखाली ठेवलेल्यांच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्वाची पातळी दिव्याविना ठेवलेल्यांपेक्षा जास्त निघाली.

साधी खिडकीची काच मात्र हा 'बी' पट्टा जवळपास पूर्ण अडवते. ऊब येते, उजेड येतो, आणि वलय उघडणारी लहर बाहेरच राहते. आतड्यातून कॅल्शियम येईनासं झालं की रक्तातली पातळी घसरते. हृदय आणि स्नायू कॅल्शियमवाचून चालत नाहीत, म्हणून पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतूनच ते काढून आणायचा हुकूम सोडते. कासव आपलीच पाठ विरघळवून हृदय चालू ठेवतं. ताईंच्या कासवाचं दोन वर्षं हेच चाललं होतं, त्यात खायला सुकी कोळंबी आणि पोळीचे तुकडे.

त्याला तलावात सोडणं म्हणजे सुटका करणं नव्हे. अशक्त असेल तर ते मरेल. धट्टंकट्टं असेल तर आणखी वाईट, कारण आपल्या तळ्यांतल्या कासवांनाही तोच दगड आणि तेच ऊन हवं असतं. फ्रान्समधल्या प्रयोगांत स्लायडरनी तिथल्या मूळ कासवांना ऊन खायच्या जागांवरून हुसकलं, आणि सोबत ठेवलेल्या मूळ कासवांचं वजन घटलं, मृत्यू वाढले. ही जात जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे. केरळात २०२१ मध्ये थ्रिसूरच्या एका कालव्यात ती सापडल्यावर पीची इथल्या केरळ वन संशोधन संस्थेने लोकांना आवाहन केलं की पाण्यात सोडू नका, आमच्याकडे आणून द्या. अशी सोय प्रत्येक शहरात हवी.

घरात कासव ठेवलं की लक्ष्मी येते, उत्तरेला तोंड करून ठेवा, हे सांगणाऱ्यांनी या प्राण्यांचे फार हाल केले आहेत. देवळाच्या सभामंडपातलं कासव दगडाचं असतं, त्याला ऊन लागत नाही. त्याच समजापायी पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव चोरून पकडलं जातं. ते पाळणं गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आहे. असं किंवा कुठलंही देशी कासव कुणाकडे दिसलं तर वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवा. तेही जवळच्या माळावर नेऊन सोडू नका. वायव्येकडची आणि दक्षिणेकडची स्टार कासवं आनुवंशिकदृष्ट्या वेगळी आहेत, आणि कुणाचं गाव कुठलं हे नुसतं पाहून सांगता येत नाही.

स्लायडरला परत पाठवायला देश नाही आणि सोडायला पाणी नाही, म्हणून त्याला घरच शोधावं लागतं. आधी त्याच्यावर उपचार झाले. अशा प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांनी एक्स-रे काढला, त्यात हाडं धुक्यासारखी पुसट दिसली. कॅल्शियमची औषधं सुरू झाली. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस, म्हणजे कटलफिशचं कॅल्शियमने भरलेलं आतलं कवच, आणून त्याचा तुकडा पाण्यात टाकला. खाण्यात काट्यांसकट लहान मासे आणि हिरवा पाला. रोज सकाळी गच्चीवर अर्धा तास थेट ऊन, टबाचा अर्धा भाग सावलीत, कारण सावली नसेल तर कासव भाजून मरतं. कासवाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा नियम ताईंच्या मुलाने स्वतःच कागदावर लिहून भिंतीला लावला.

सात महिन्यांनी पोटाचं कवच नखाने वाजवलं तर टक् असा आवाज आला. वळलेल्या कडा तशाच राहिल्या आहेत, त्या आता सरळ होणार नाहीत. ते सध्या कोथरूडमधल्या एका निवृत्त जोडप्याकडे आहे. त्यांच्या गच्चीत मोठी टाकी आहे, ऊन खायला उतरता दगड आहे, आणि पावसाळ्यासाठी अतिनील दिवा. हा दिवा उजेड देत राहिला तरी त्यातले 'बी' किरण काही महिन्यांत ओसरतात. म्हणून आजोबांनी त्याच्या पट्टीवर मार्करने बसवल्याची तारीख लिहून ठेवली आहे.