‘आम्ही घरचेच’ म्हटलं, तरी फाइल उघडत नाही

“पेशंट आमच्या घरचा आहे, मग आम्हाला सगळं सांगायलाच हवं,” हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चं कलम 23 गुप्ततेचा हक्क थेट रुग्णाला देतं. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत रुग्णाला मदत करायला नेमलेल्या व्यक्तीला, माहिती मिळते, तीही हे काम पार पाडण्यापुरती. सज्ञान रुग्ण हा प्रतिनिधी स्वतः लेखी नेमू शकतो आणि तो नातेवाईकच असावा असं बंधन नाही. कुणाच्या जिवाला धोका, उच्च न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. लग्नासाठीची चौकशी त्यात बसत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती रिसेप्शनची. फोन येतो, “मी त्याचा काका बोलतोय, तो तुमच्याकडेच येतो ना?” “हो, मंगळवारी आले होते,” एवढं सहज बोललं तरी गुप्तता मोडली! म्हणून संस्थेचं लेखी धोरण वॉर्डबॉय, बिलिंग, सफाई कर्मचारी, सगळ्यांना लागू हवं. अमुक व्यक्ती इथे येते की नाही, हेही परस्पर सांगायचं नाही. केसपेपरचा फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही; कलम 24 डिजिटल नोंदींनाही संरक्षण देतं. नोकरी सोडल्यावरही हे बंधन सुटू नये.

घरच्यांनी स्वतःहून डॉक्टरांना माहिती द्यायला मात्र कसलीच आडकाठी नाही. झोप, जेवण, गोळ्या चुकणं, हे जरूर सांगावं.