चिनी भाषेतल्या ‘संकटा’त खरोखर ‘संधी’ असते का?

चिनी भाषेत संकटाला जो शब्द आहे तो ‘धोका’ आणि ‘संधी’ या दोन अक्षरांनी बनलेला आहे, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे.

त्यातला पहिला भाग बरोबर आहे. शब्द ‘वेइजी’ असा असून ‘वेइ’ म्हणजे धोका. गोंधळ ‘जी’पाशी होतो, कारण हे अक्षर बहुअर्थी आहे. प्राचीन चिनी भाषेत ते धनुष्ययंत्राच्या, म्हणजे यांत्रिक धनुष्याच्या, बाण सोडणाऱ्या चापासाठी (खटक्यासाठी) वापरत. त्यावरून यंत्र, तसेच गोष्टींना वळण देणारा निर्णायक क्षण, असे अर्थ विस्तारले. ‘फेइजी’ म्हणजे विमान, ‘शौजी’ म्हणजे मोबाइल. ‘जीह्वेइ’ म्हणजे मात्र संधी, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा याच शब्दात असावे. पण तो अर्थ पूर्ण जोडशब्दाचा आहे, सुट्या ‘जी’चा मुख्य अर्थ नव्हे. ‘वेइजी’त ‘जी’ म्हणजे निर्णायक क्षण, अर्थात धोक्याची घडी. आपल्या ‘संधिवाता’त ‘संधी’ आहे म्हणून त्या दुखण्यात कोणी सुसंधी शोधत नाही, तसेच हे.

पडताळणी सोपी आहे. एखाद्या ऑनलाइन चिनी शब्दकोशात आधी सुटे ‘जी’ पाहावे, मग त्याने संपणारे शब्द. तिथे ‘च्वानजी’ हा गमतीचा शब्दही सापडेल: परिस्थितीला लागलेले अनुकूल वळण हा त्याचा एक अर्थ, आणि प्रवासात विमान बदलणे हा दुसरा. शेवटी ‘आर्थिक संकट’ या शब्दाची चिनी वाक्ये वाचावीत. तिथे ‘वेइजी’ निखळ संकटाच्याच अर्थाने येतो.