महिला कैदी आणि जामीनदाराचा सातबारा : पार्श्वभूमी

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहाचं नाव निघालं की साने गुरुजी आठवतात, नाहीतर कैद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती. १९२७ सालच्या या कारागृहात महिलांचाही विभाग आहे, हे मात्र फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. देशातल्या कैद्यांत स्त्रिया जेमतेम चार टक्के. म्हणून पुरुषांसाठी बांधलेल्या तुरुंगाचा एक कोपरा भिंत घालून त्यांना दिला की भागलं, असाच कारभार राहिला.

तुरुंगाला पर्याय शोधण्याचा विचार मुंबई इलाख्यात जुना आहे. कोवळ्या वयाच्या गुन्हेगारांसाठी १९२९ मध्ये बोर्स्टल शाळांचा, म्हणजे तुरुंगाऐवजी सुधारणेसाठी ठेवायच्या शाळांचा, कायदा झाला. त्या धर्तीचं किशोर सुधारालय नाशिकलाच आहे, पण मुलग्यांसाठी. १९३८ मध्ये इलाख्याने परिविक्षेचा कायदा केला. दोष सिद्ध झाला तरी चांगल्या वर्तणुकीची हमी द्यायची आणि परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आपल्या घरी राहायचं. केंद्राचा कायदा त्यानंतर वीस वर्षांनी, १९५८ मध्ये आला. औंध संस्थानाने तर १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत वसवली, तिथे कैदी बायकामुलांसह राहून शेती करत. प्रयोग धाडसीच. पण स्त्री तिथे पोचली ती कैद्याची बायको म्हणून. खुद्द महिला कैद्यांसाठी येरवड्यात खुलं कारागृह व्हायला २०१० च्या आसपासचा काळ उजाडावा लागला.

वसाहत म्हणजे मोकळीक, असंही नाही. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या, १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापूरच्या तारेच्या कुंपणात अख्खी कुटुंबं डांबलेली होती. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. अशा जमातींत गणल्या गेलेल्या पारधी बाईकडे पाहण्याची नजर काही त्याबरोबर गेली नाही.

बायकांच्या कोठडीकडे न्यायालयाचं लक्ष गेलं ते १९७९ नंतर. कच्च्या कैद्यांच्या सुटकेसाठीच्या हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत काही स्त्रिया कोणत्याही आरोपाविना, निव्वळ ‘संरक्षणासाठी’ ठेवलेल्या आढळल्या. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला बजावलं की महिलांची कोठडी वेगळी हवी, पहारा महिला शिपायांचा हवा आणि चौकशी महिला पोलिसांसमोरच व्हावी. १९८७ मध्ये महिला कैद्यांच्या स्थितीवर न्या. कृष्ण अय्यर समितीचा अहवाल आला. आईबरोबर आत राहणाऱ्या मुलांसाठी सहा वर्षांची मर्यादा २००६ मध्ये ठरली.

गंभीर गुन्ह्यातही आरोपी स्त्री असेल तर जामीन देता येतो, अशी सवलत १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. मग बाई आत का राहते? जामीन मंजूर होतो, पण सातबाऱ्यासारखा मालमत्तेचा कागद दाखवून हमी घेणारा जामीनदार मिळत नाही. सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांकडच्या बाईचा सातबारा असलाच तर बहुतेक सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर, आणि कधी कधी फिर्यादीही त्याच घरातला. पुरुष आत गेला की बायको वकिलाकडे खेटे घालते, मुलाखतीला डबा घेऊन जाते. बायको आत गेली की हे करायला बहुधा कुणी नसतं. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी पैशांची मदत देणारी केंद्राची योजना २०२३ मध्ये आली, ती याच अडचणीपोटी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा आली आहे. पाच हजारांखालची पहिली चोरी असेल आणि माल परत केला असेल, तर ती देता येते. पण ती शिक्षा आहे, म्हणजे निकालानंतरची. तारखांवर तारखा पडत असताना महिला विभागात महिनोन्महिने बसलेल्या न्यायबंदी, म्हणजे निकाल न लागलेल्या, बाईला तिचा उपयोग नाही.